पुढच्या बैलावर गोणी नसते

देवसिंगभाऊंच्या गाडीच्या पुढच्या सीटवर काल मी कांद्याचं पोतं पाहिलं आणि भर बाजारात मला राग आला.

गाडी आता त्यांची नाही, हे मला चांगलं ठाऊक आहे. एक तरुण माणूस तिच्यातून पुसदच्या बाजारात कांदे-बटाटे विकतो. पांढऱ्या गाडीला त्यानं निळा रंग दिला आहे. स्वतः विकत घेतलेल्या गाडीत त्यानं पोतं कुठं ठेवावं, हे सांगायचा मला काडीचाही अधिकार नाही. तरी कांदे घेता घेता मी बोललोच, "पोतं मागं मावत नाही का?"

"मावते की. पण पुढं हाताशी राह्यते," तो म्हणाला.

बरोबरच होतं त्याचं. डॅशबोर्डच्या कडेला चिकटवलेले बारीक आरसे मात्र त्यानं काढलेले नव्हते. उन्हात ते चमकत होते आणि मी पिशवी धरून उगाच तिथं उभा राहिलो. देवसिंगभाऊंची आठवण आली की हल्ली माझं असंच होतं. कुठल्या कामाला निघालो होतो तेच आठवत नाही.

देवसिंग आडे आमचे शेजारी. दोन घरांत कंबरेएवढी भिंत, आणि तिच्या एका बाजूला ते, दुसऱ्या बाजूला मी, अशी आमची सकाळची बैठक. आमच्या घराण्यात तीन पिढ्या खुर्चीवर बसून गेल्या. आजोबा तहसिलीत, वडील शिक्षण खात्यात, मी कोर्टात नाझर. त्यांच्या घराण्यात कोणी बसलंच नव्हतं. फुलसावंगीजवळच्या तांड्यात आता त्यांची शेती आहे, पण त्यांच्या आज्याचा बाप बैलांवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर हिंडायचा. त्या फिरतीला ते 'लदेणी' म्हणत. भाऊंनी ती काही पाहिलेली नव्हती, आज्याच्या तोंडून ऐकलेली होती. पण बोलायचे असे, जणू परवाच बैल सोडून घरी आलेत. स्वतः त्यांनी आयुष्यभर एसटी चालवली. गाडी कुठलीही असो, तिच्यात बसण्याआधी तिच्याभोवती एक फेरी मारायची, ही त्यांची रीत. लग्नाला जायला भाड्याची जीप आली तरी सगळं वऱ्हाड आत बसलेलं आणि हे आपले शांतपणे चाकं बघत फिरताहेत. उभ्या गाडीला कोणी टेकलेलं त्यांना खपायचं नाही. "टेकू नका, साहेब," ते मला म्हणायचे, "तिले वाटते आपलं माणूस थकलं."

निवृत्त झाल्यावर वर्षभरातच त्यांच्या छातीत दुखलं. मुलगा प्रकाश पुण्यात इंजिनिअर. त्यानं तिकडं नेऊन स्प्रिंग बसवून घेतली आणि चार महिने आई-बापांना ठेवून घेतलं. परत आले ते वाळून आले होते, पण डोळ्यांत काहीतरी नवं होतं.

"काय पाहिलं पुण्यात?" मी विचारलं.

"पाह्यण्यासारखी एकच चीज होती," भाऊ म्हणाले. "पोराच्या बिल्डिंगखाली एक गाडी येत होती. तिच्या पोटात पाणी, पंप, मशीन, सारं. लोकायच्या दारात जाऊन त्यायच्या गाड्या धुवाच्या, आतून साफ कराच्या, पॉलिश माराचं, अन् दुसऱ्या दारी जाचं. मी गॅलरीतून तेच पाहत बसलो. साहेब, हे लदेणीच होय ना?"

आता साठी उलटलेला, छातीत स्प्रिंग घातलेला माणूस पुसदमध्ये घरोघर जाऊन मोटारी धुणार म्हटल्यावर मुलगा काय म्हणेल? तो म्हणाला, सामान बांधा आणि कायमचे पुण्याला या. बाप म्हणाला, मी माझ्या मुलखातच राहणार. फोनवर आठवडाभर हे चाललं. शेवटी प्रकाशनं अट घातली. होळीपासून होळीपर्यंत बघायचं. तेवढ्यात एकदा जरी दवाखान्याची पायरी चढावी लागली, तर मुकाट्यानं पुण्याला यायचं. नाही लागली, तर तो पुन्हा विषय काढणार नाही. मग त्यानं मला फोन केला. "काका, तुम्ही कोर्टातले. तुम्ही साक्षीदार." मी साक्षीदार झालो, पण मनातून एका बाजूचा होतो. भाऊ गेले तर माझ्या भिंतीला काय अर्थ राहणार होता?

मग गाडीचा शोध सुरू झाला. पुसदमध्ये एक छोटा हत्ती टेम्पो चांगला मिळत होता. भाऊंनी नाकारला. मागून उघडी गाडी. पाणी उन्हात तापणार, आणि तापलेलं पाणी काचेवर पडताच वाळतं, डाग धरतं. तीनचाकी बघितली. तीही नाकारली, म्हणे पाणी भरल्यावर वळणावर लोळण घेईल. शेवटी घाटंजीला एका कापूस व्यापाऱ्याची बंद डब्याची व्हॅन असल्याचं कळलं. कागदपत्रं बघायला म्हणून मला बरोबर नेलं.

व्यापाऱ्यानं बोनेट उघडून इंजिन पुसून ठेवलं होतं. भाऊंनी तिकडं पाहिलंच नाही. गाडीभोवती फेरी मारली आणि म्हणाले, "चालवा."

"तुमीच चालवून पाहा की, भाऊ."

"नाई. तुमी चालवा. मी मागून पाहतो."

बाजाराचा दिवस होता. घाटंजीच्या त्या गर्दीतून व्यापारी गाडी चालवतोय आणि मागं हात बांधून देवसिंगभाऊ चालताहेत, त्यांच्या मागं कागदांची पिशवी घेऊन मी. लोकांना वाटलं असेल, मिरवणूक आहे आणि वाजंत्री यायची राहिली आहे. "बैल मागूनच खरा दिसते," भाऊ मला चालता चालता समजावत होते. "पुढून काय, सारेच शिंगं रंगवून उभे राह्यतात."

एवढ्यानं भागलं नाही. त्यांनी व्यापाऱ्याच्या घरून बादली मागवली, स्वतः गाडीत शिरून दारं लावून घेतली आणि मला टपावर पाणी ओतायला सांगितलं. कोर्टात ज्यानं कधी माठातलं पाणीही हातानं घेतलं नाही, तो मी घाटंजीच्या भर दुपारी दुसऱ्याच्या गाडीला आंघोळ घालत होतो. आतून भाऊंचा आवाज, "अजून एक." गळत नव्हती. मग त्यांनी आतला पंखा लावला, तर जाळीतून कापसाचा एक पुंजका उडाला आणि थेट त्यांच्या मिशीवर जाऊन बसला. भाऊ बाहेर आले तेच हसत.

"घेऊन टाकू," ते म्हणाले. "हिनं ओझं वाह्यलं, पण हलकं. पाठ मोडली नाई हिची."

गाडी सजवायचं काम त्यांच्या अंगणातल्या कडुनिंबाखाली झालं. वेल्डर आला, सुतार आला. पण खरे कारागीर भाऊ आणि त्यांची बायको, सोमलीवहिनी. वहिनी अबोल. चाळीस वर्षांच्या शेजारात त्यांची चाळीस वाक्यं मी ऐकली असतील तर शपथ. त्यांनी जुन्या लुगड्यांचे कप्पे शिवून गाडीच्या आतल्या बाजूंना टांगले. शांपूच्या बाटल्यांचे वेगळे, ब्रशांचे वेगळे, पुसायच्या फडक्यांचे वेगळे. चाकांचं फडकं लाल, अंगाचं निळं, काचेचं पांढरं. आणि स्वतःच्या जुन्या घागऱ्याचे आरसे उसवून डॅशबोर्डला चिकटवले. "वळखू आली पायजे," एवढंच बोलल्या.

जनरेटर अगदी मागं, दार उघडताच उतरवून जमिनीवर ठेवता येईल असा. पंप मधोमध. पाइपाचं भेंडोळं त्याच्या डोक्यावर. भाऊ डोळे मिटून उभे राहायचे आणि वहिनी एकेक वस्तू मागायच्या. हात चुकला की तो कप्पा बदलायचा. पाण्याचाही असाच घोळ झाला. पुसदच्या बोअरचं पाणी खारं, गाडीवर वाळलं की पांढरे ठिपके सोडतं. म्हणून गावाबाहेरच्या एका ओळखीच्या विहिरीचं गोडं पाणी रोज भरून आणायचं ठरलं. त्या दिवशी भाऊ खूश होऊन मला म्हणाले, "आज्याच्या बापानं मीठ वाह्यलं, साहेब. मी बिनमिठाचं पाणी वाहून राह्यलो."

टाक्या दोन केल्या. एक डावीकडं, एक उजवीकडं, अगदी सारख्या. वेल्डर एकच मोठी टाकी मधोमध बसवा म्हणत होता. भाऊ ऐकेनात. बैलाच्या पाठीवर गोणी दोन्ही अंगांना सारखी लोंबली पाहिजे, एका अंगाला जड झाली की पाठ सोलते, हे त्यांच्या रक्तात होतं.

आणि ड्रायव्हरच्या शेजारची सीट रिकामी ठेवली.

मी म्हटलं, तिथं पॉलिशची मशीन राहील की मजेत. भाऊंनी मान हलवली. त्यांच्या आज्यानं सांगितलेलं होतं, लदेणीत जो बैल सगळ्यांच्या पुढं चालतो, त्याच्या शिंगांना गोंडे बांधायचे, गळ्यात घंटा बांधायची, पण त्याच्या पाठीवर गोणी कधी टाकायची नाही. तो वाट दाखवतो. त्याच्यावर ओझं टाकलं की तांडा वाट चुकतो. "पुढच्या बैलावर गोणी नसते," भाऊ म्हणाले आणि विषय संपला.

"गोणी नको. मी बसू का?" मी विचारलं.

"तुमी मागं बसा, साहेब."

"म्हणजे मी ओझं?"

"थे मी कसं सांगू? बैलाले विचारा लागीन."

त्यामुळं मी जेव्हा जेव्हा त्या गाडीतून गेलो, तेव्हा मागं उपड्या बादलीवर बसून गेलो. फुलसावंगीकडं जायचं असलं की वहिनीही तांड्यातल्या नातेवाइकांना भेटायला निघायच्या. त्याही मागंच, दुसऱ्या बादलीवर, टाकीला पाठ लावून. पुढची सीट मात्र पाटलासारखी ऐसपैस मोकळी. निघताना भाऊ तिच्यावरून रोज एक कोरडं फडकं फिरवायचे.

धंद्याच्या पहिल्याच दिवशी फजिती झाली. तीन गाड्यांचं काम होतं, एक डॉक्टरांची, एक वकिलांची, एक प्राध्यापकांची. पाणी उजव्या टाकीतून वापरायचं, डावी टाकी शिलकीची, असा भाऊंचा हिशेब. दुपारी आमच्या गल्लीत शिरले तर उजवी टाकी कोरडी आणि डावी काठोकाठ. गाडी डावीकडं अशी कलली होती, की पानठेलेवाला ओरडला, "भाऊ, गाडी कान लावून काय ऐकून राह्यली?" सगळी गल्ली हसली. मीही हसलो.

भाऊ खाली उतरले, मागं जाऊन उभे राहिले आणि खूप वेळ बघत राहिले. मग पायरीवर बसून मला म्हणाले, "मीठ रस्त्यात कमी होत नाई, साहेब. जेवढं लादलं तेवढंच बाजारात उतरते. पाणी तर वाटंनंच सरून राह्यलं. हे आज्यानं सांगतलं नव्हतं." त्यांचा चेहरा इतका उतरला होता, की मला हसल्याचं वाईट वाटलं.

वहिनी दारात तांदूळ निवडत होत्या. सुपातून मान वर न करता म्हणाल्या, "दोन पोरं हायेत तं दोघायले एका ताटात जेवू घाला."

दुसऱ्या दिवशी वेल्डरनं दोन्ही टाक्या खालून एका पाइपानं जोडल्या. आता कुठूनही पाणी घ्या, दोन्हीकडं सारखंच उतरायचं. भाऊंनी परत मागं उभं राहून पाहिलं. मला तर गाडी ओळंब्यात दिसत होती. ते म्हणाले, "उजवीकडं एक बोटभर कलते अजून. पण ते मी होय. ड्रायव्हरचं वजन. तेवढं राहीनच." आणि तेवढ्यावर त्यांनी समाधान मानलं.

धंदा चालला. पावसाळ्यात चिखलानं तर झक्कास चालला. पण लोक त्यांना बोलवायचे ते धुण्यापेक्षा त्यांच्या एका प्रश्नासाठी, असं माझं मत आहे. सगळे गाडी धुणारे विचारतात, काय काय साफ करायचं? भाऊ गाडीभोवती फेरी मारून विचारायचे, "काय ठेवाचं?" माणूस गोंधळायचा. मग विचार करायला लागायचा. एका सुनेनं सांगितलं, आरशाला बांधलेली लिंबू-मिरची राहू द्या, सासूबाईंची आहे. एका काँट्रॅक्टरनं सांगितलं, स्टेअरिंगवरची हळद राहू द्या, नव्या गाडीची पूजा आईनं केली होती. वकीलसाहेब मात्र म्हणाले, काही ठेवू नका. भाऊंनी परत एकदा विचारलं, "पक्कं ना?" सीटच्या फटींतून निघालेलं सगळं, चिंचोके, बटणं, बारीक बांगडी, ते कागदाच्या पुडीत बांधून मालकाच्या हाती द्यायचे. फेकायचं तर त्यानं फेकावं.

फुलसावंगीचे एक निवृत्त मास्तर आठवतात. मी त्या दिवशी बादलीवर बसून बरोबर गेलो होतो. मास्तरांची गाडी जुनी, पण निगुतीची. डाव्या अंगाला पुढून मागपर्यंत एक लांब ओरखडा. भाऊ पॉलिशची मशीन लावता लावता म्हणाले, "मास्तर, हा तं अर्धा निघून जाईन. बाकी रंग लावून झाकून टाकू."

मास्तर घाईघाईनं पुढं आले. "तो राहू द्या."

भाऊंनी मशीन बंद केली.

"पोरगी गाडी शिकून राह्यली होती," मास्तर म्हणाले. "इथंच, विहिरीच्या भिंतीले घासली. लय रागावलो तिच्यावर तवा. आता ते नांदेडले नांदते. दिवाळीतच येते."

भाऊंनी कप्प्यातून चिकटपट्टी काढली आणि त्या ओरखड्यावर टोकापासून टोकापर्यंत नीट लावली. मग सगळ्या गाडीला पॉलिश केलं, दुपारपर्यंत. शेवटी पट्टी सोलून काढली. आरशासारख्या चकचकीत दारावर तो ओरखडा पहिल्यापेक्षा उठून दिसायला लागला. मास्तरांनी त्याच्यावरून बोट फिरवलं. परतीच्या वाटेवर वहिनी माझ्या शेजारी गप्प होत्या, पण त्या नेहमीच गप्प असत, म्हणून मी तिकडं लक्ष दिलं नाही.

आमच्याकडचा उन्हाळा काय चीज आहे, हे तो सोसलेल्यालाच ठाऊक. भाऊ पहाटे निघत, ऊन चढायच्या आत परतत. मी भिंतीशी उभा राहून त्यांचा चेहरा वाचायचो. घाम जास्त दिसला की माझ्याच छातीत धडधडायचं. "साक्षीदार पाहून राह्यला वाटते," ते चिडवायचे. उन्हाळा गेला, पाऊस गेला, कापूस फुटला. दवाखान्याची पायरी त्यांनी चढली नाही. तांड्यातली होळी म्हणजे त्यांचा सगळ्यात मोठा सण. भाऊ आणि वहिनी गाडी घेऊन तांड्याला गेले, रात्रभर फेर धरून नाचून-गाऊन आले, आणि धुळवडीच्या दुपारी भाऊ रंगलेल्या तोंडानं माझ्या दारात हजर झाले. हातात पेढे.

"प्रकाशचा फोन आलता," भाऊ म्हणाले. "मनला, बाबा, तुमी जिंकले. आता मी काई बोलत नाई."

मला इतका आनंद झाला, की मी रंगासकट त्यांना मिठी मारली. आमच्या घराण्यात अशी पद्धत नाही. भाऊ अंगणात उभ्या गाडीकडं बघत होते. नवीन वर्षात तिला काय काय करायचं ते सांगत होते. मग लाडात येऊन त्यांनी वहिनींना तोच आपला नेहमीचा प्रश्न टाकला, "बोल वं, मालकीन. काय ठेवाचं?"

वहिनी भिंतीपलीकडं दोरीवरचे कपडे काढत होत्या. हातातल्या कपड्याची त्यांनी घडी केली.

"मले प्रकाशपाशी जाचं हाय," त्या म्हणाल्या.

भाऊंना वाटलं, चार दिवस जायचं म्हणताहेत. "जाऊ की. पोरीच्या सुट्ट्या लागल्या का जाऊ."

"राह्याले जाचं हाय. नात मोठी होऊन राह्यली. फोनवर मले आजी मनते अन् पळते." दोरीवरचा दुसरा कपडा ओढत म्हणाल्या, "तुमी साऱ्यायले इचारता. मले कई इचारलंच नाई."

रागानं नाही म्हणाल्या. तांदूळ निवडताना बोलायच्या तशाच बोलल्या, आणि कपडे घेऊन आत गेल्या. भाऊंच्या हातात पेढ्यांचा डबा तसाच उघडा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघतो तर भाऊ माझी गाडी धुत होते. मी सांगितलेलं नव्हतं. "जातो आमी पुण्याले, साहेब," ते म्हणाले. मी जवळ गेलो आणि जे मनात होतं ते बोललो. म्हटलं, तुम्ही जिंकलात. वर्षभर जिवाचं रान केलंत. आता कायले जाता? खरं तर मी माझीच बाजू मांडत होतो.

ते काच पुसत राहिले. "साहेब," ते म्हणाले, "वर्षभर ते मागं बादलीवर बसली. मले वाटलं, तिले तिथंच बरं लागते."



आता पुण्याहून त्यांचा फोन येतो. बोलणं साधंच. कडुनिंबाला पालवी आली का, पूस नदीला पाणी आलं का. खालच्या पार्किंगमध्ये पोरं गाड्या पुसतात, पण चाकाचं फडकं काचेला लावतात, हे त्यांना वरून दिसतं आणि बोलता येत नाही. नात मात्र शाळेच्या बसमध्ये चढण्याआधी बसभोवती फेरी मारायला बघते आणि बाई ओरडतात. हे सांगताना त्यांचा आवाज उजळतो. मग विचारतात, "भिंत कशी आहे?" मी म्हणतो, आहे. फोन ठेवल्यावर मी भिंतीपाशी जातो. पलीकडं भाडेकरू आलेत, भली माणसं आहेत. ती माणसं कुणाच्याही गाडीला टेकतात.

पण डोळ्यांपुढं येतात ते निघण्याच्या दिवशीचे भाऊ. टाक्या, पंप, जनरेटर, सगळं काढून विकून झालं होतं. कांदे विकणाऱ्यानं गाडी घेतली होती. तिच्यातूनच बसस्टँडवर जायचं आणि तिथं किल्ली त्याच्या हाती द्यायची, असं ठरलं होतं. मागं दोन गाठोडी, एक ट्रंक आणि वहिनींची उपडी बादली. वहिनी सवयीनं मागच्या दाराकडं निघाल्या.

भाऊंनी गाडीभोवती फेरी मारली. मग पुढचं दार उघडलं, त्या सीटवरून कोरडं फडकं फिरवलं आणि दार धरून उभे राहिले. वहिनी थबकल्या. सीटकडं बघितलं, भाऊंकडं बघितलं.

"पुढच्या बैलावर..." त्या म्हणाल्या.

"बेस," भाऊ म्हणाले. एरवी ते चौघांत वऱ्हाडीच बोलत. आपली बंजाऱ्यांची गोरबोली घरात वहिनींशी, नाहीतर गाडीशी. त्या दिवशी 'बस' म्हणायला ती सगळ्या गल्लीसमोर बोलले. "बेस."

वहिनी बसल्या. पदर सावरून, दोन्ही हात मांडीवर ठेवून, समोरच्या आरशांकडं बघत. आयुष्यभर ड्रायव्हरची बायको असलेली ती बाई पहिल्यांदा काचेतून पुढचा रस्ता बघत होती. भाऊ पलीकडून चढले. मला हात केला, पण मान वळवली नाही. वळवली असती तर आम्हा दोघांचंही अवघड झालं असतं.

गाडी निघाली. मी तिच्या मागं चालत गेलो, घाटंजीच्या बाजारात गेलो होतो तसाच. वळणाशी ती क्षणभर थांबली. गाडी मागून बघावी, हे त्यांनीच मला शिकवलं होतं. मी बघितलं. उजवीकडं बोटभर कलायची ती गाडी त्या दिवशी कुठंच कलली नव्हती.